दूरच्या दीर्घिकांतल्या कल्पित शहाण्यांस

कथा-कादंबऱ्यांतल्या, चित्रपटांतल्या आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरच्या समस्त परग्रहवासीयांनो,



हे पत्र खऱ्या परग्रहवासीयांना नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते असतील तर असोत बापडे. त्यांच्या शोधाचं खातं रेडिओ दुर्बिणवाल्यांकडे आहे. कोकोनी आणि मॉरिसन या दोघा शास्त्रज्ञांनी 1959 साली ‘नेचर’मध्ये लेख लिहून हायड्रोजनच्या 1420 मेगाहर्ट्झच्या लहरींवर कान ठेवायला सुचवलं. तेव्हापासून माणसं आळीपाळीनं कान ठेवून बसली आहेत आणि पलीकडून अजून हूं की चूं नाही. माझं म्हणणं तुमच्यापाशी आहे. तुम्ही कागदावर जन्मलात, आणि खऱ्यांचा पत्ता नसताना त्यांची जागा अठरा-एकोणीसशे वर्षं चालवत आलात. इतक्या जुन्या ओळखीनंतर थोडं हक्कानं बोलायला हरकत नसावी.

तर तक्रार अशी, की तुमच्यातले बहुतेक जण परके वाटतच नाहीत.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लुसियन नावाच्या लेखकानं ग्रीक भाषेत एक अचाट प्रवासवर्णन लिहिलं. त्यात चंद्रावरचा राजा आणि सूर्यावरचा राजा यांचं युद्ध जुंपतं. भांडण कशावरून? शुक्रावर वसाहत कुणी करायची यावरून. रोमन साम्राज्यात राहणाऱ्या माणसाला याहून वेगळं भांडण कुठून सुचणार! व्होल्तेरनं 1752 मध्ये व्याधाच्या ग्रहावरून मैलोन्मैल उंचीचा एक प्रवासी आणला आणि जोडीला शनीवरचा एक विद्वान दिला. या शनिवासीयाला बहात्तर इंद्रियं आहेत, तरी त्याची कुरकुर चालूच की एवढ्यानं भागत नाही. गंमत फर्मास आहे, पण दोघेही बोलतात पॅरिसच्या दिवाणखान्यात बसल्यासारखे. एच. जी. वेल्सचे मंगळवासी 1898 मध्ये पुस्तकरूपानं अवतरले आणि युरोपीयांनी टास्मानियात जे केलं तेच त्यांनी लंडनमध्ये केलं. वेल्सनं पहिल्याच प्रकरणात तशी आठवणही करून दिली आहे. त्यांचं ते अवाढव्य डोकं कुठून आलं, तेही सांगतो. दहा लाख वर्षांनंतरचा माणूस कसा असेल यावर वेल्सनं 1893 मध्ये एक लेख लिहिला होता. त्यातला माणूस डोक्यानं मोठा, अंगानं लहान आणि पचनसंस्थेला मुकलेला. तोच पुढे मंगळावर नेऊन ठेवला. म्हणजे तुमच्यातल्या त्या टकल्या, किडकिडीत, मोठ्या डोक्याच्या मंडळींचं घराणं आमच्याच भविष्यातलं निघालं. आमच्या मासिकांच्या चित्रकारांनी ते डोकं हिरवं रंगवलं, एवढीच भर.

मग दूरचित्रवाणी आली आणि तुमची आणखी दैना झाली. ‘स्टार ट्रेक’ 1966 मध्ये सुरू झालं. दर आठवड्याला नवा ग्रह दाखवायचा, तर आठ हातांचा नट आणायचा कुठून? कुणाचे कान टोकदार केले, कुणाच्या कपाळावर पुढे रबराच्या वळ्या चिकटवल्या, की झाला परग्रहवासी. सगळ्या आकाशगंगेला दोन हात, दोन पाय आणि दोन डोळेच का, हा प्रश्न अखेर इतका बोचू लागला की 1993 मध्ये एका भागात खुलासा करावा लागला. फार पूर्वी माणसासारख्याच एका जमातीनं ठिकठिकाणच्या ग्रहांवर आपलं बीज पेरून ठेवलं होतं म्हणे. खर्चाच्या तंगीला तत्त्वज्ञानाचा मुलामा देण्याचं याहून सुबक उदाहरण मला माहीत नाही.

एवढं रागावून झालं. आता ज्यांच्यासाठी मी बाकीच्या साऱ्यांना माफ करीन, त्यांच्याकडे वळतो.

ओलाफ स्टेपलडन हा लिव्हरपूलकडचा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक. त्याचं ‘स्टार मेकर’ 1937 मध्ये निघालं. देवयानी ही आपल्या आकाशगंगेतला धूसर ढग नसून बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे एडविन हबलनं दाखवून तेव्हा उणीपुरी बारा वर्षं झाली होती. विश्व एकाएकी केवढं तरी वाढलं होतं आणि त्यात राहायला अजून कुणी आलेलं नव्हतं. स्टेपलडननं तिथं वस्ती केली, आणि ती करताना त्या काळच्या खगोलशास्त्राशी बेइमानी केली नाही. दोन तारे एकमेकांना अगदी जवळून चाटून गेले तरच ग्रह जन्मतात, असं तेव्हा जेम्स जीन्स मांडत होते. म्हणजे ग्रह फार विरळा. स्टेपलडनच्या विश्वातही ते विरळाच आहेत. (तो सिद्धांत पुढे मोडीत निघाला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परका ग्रह 1995 मध्ये महाश्व तारकासमूहात सापडला आणि आज मोजदाद सहा हजारांच्या पुढे गेली आहे. खरं विश्व कल्पित विश्वाहून सढळ निघावं, असं क्वचितच घडतं.)

त्याच्या पहिल्याच परक्या पृथ्वीवरची माणसं दिसायला बरीचशी आमच्यासारखी आहेत, पण त्यांचं मुख्य इंद्रिय डोळा नाही, रसना आहे. हातापायांनासुद्धा चव कळते. मग काय होतं? वंशभेद रंगावरून पडत नाहीत, चवीवरून पडतात. अमक्या चवीचे ते कुलीन, तमक्या चवीचे ते हलके. देवसुद्धा चवीनंच ओळखायचा, आणि तो मुळात गोड की खारट यावरून धर्मयुद्धं होऊन गेलेली आहेत. आमटीत गूळ घालावा की नाही यावरून घरं दुभंगलेली पाहणाऱ्या मराठी माणसाला हे पटायला फार वेळ लागत नाही. हसून झाल्यावर मात्र लेखकाची करामत ध्यानात येते. त्यानं एकच गोष्ट हलवली, डोळा मागे सारून जीभ पुढे आणली. देव, जात आणि युद्ध त्यातून आपसूक उगवलं.

पुढे एका ग्रहावर वनस्पतिमानव भेटतात. दिवसा मुळं रोवून उन्हात उभं राहायचं, ध्यान लावायचं. रात्री मुळं सोडवून हिंडायचं, कामं करायची, भांडायचं. दिवसाचा स्वभाव निराळा, रात्रीचा निराळा, आणि त्यांच्या संस्कृतीचा सगळा इतिहास म्हणजे या दोन स्वभावांची ओढाताण. आणखी पुढे तर तारेच सजीव निघतात. ग्रहांवरच्या शहाण्यांनी आपले ग्रह ताऱ्यांसकट दुसऱ्या दीर्घिकेकडे हाकायचा घाट घातला, तेव्हा ते तारे भडकून ग्रहांची राख करू लागले. ताऱ्यांना त्यांची स्वतःची चाल होती आणि तिच्यात कुणी हात घातलेला त्यांना खपत नव्हता. ग्रहांवरच्यांना हे कळेपर्यंत पुष्कळ जगं जळून गेली होती.

कादंबरी म्हणून ‘स्टार मेकर’ पचायला जड आहे, हे तिच्या भक्तांनीही मान्य करावं. पात्रांना नावं नाहीत, संवाद जवळजवळ नाहीत, आणि दहा-बारा पानांत एखादी संस्कृती जन्मून मरून जाते. तरी तिच्यावर पिढ्या पोसल्या. ताऱ्याची सगळी ऊर्जा गोळा करण्यासाठी त्याच्याभोवती कवच उभारायची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी 1960 मध्ये मांडली. ती या पुस्तकातून घेतल्याचं ते मोकळेपणानं सांगत.

स्टेपलडननंतर माझ्या मनात जागा आहे ती बार्लेननची. हॅल क्लेमंट या अमेरिकी विज्ञानशिक्षकाची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ 1953 मध्ये मासिकातून क्रमशः आली. हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्याजवळ मोठा ग्रह असावा, असं तेव्हा काही निरीक्षणांवरून वाटत होतं. क्लेमंटनं तो घेतला, भोवऱ्यासारखा गरगरवला, दिवस जेमतेम अठरा मिनिटांचा केला. एवढ्या वेगानं फिरणारा ग्रह मध्ये फुगणार आणि ध्रुवांपाशी चपटा होणार. मग विषुववृत्तावर गुरुत्व पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवावर सातशेपट! समुद्र मिथेनचा, हवा हायड्रोजनची. बार्लेनन इथलाच. इथला बुद्धिमान रहिवासी हातभरही लांबीचा नाही, गोमेसारखा जमिनीला चिकटून चालणारा. ध्रुवाकडच्या प्रदेशात चार बोटं उंचीवरून पडणं म्हणजे मरण. म्हणून त्याला उंचीची भीती हाडीमाशी खिळलेली. डोक्यावर पक्कं छप्पर असणं हा त्याच्या दृष्टीनं वेडेपणा. वस्तू फेकता येते, ही कल्पनाच त्याच्या डोक्यात कधी आलेली नाही, कारण त्याच्या मुलखात सोडलेली वस्तू दिसायच्या आत जमिनीवर असते.

पुढे एम.आय.टी.तल्या विज्ञानकथाप्रेमी विद्यार्थ्यांनी हिशेब तपासला. ध्रुवावरचं गुरुत्व सातशेपट भरत नाही, बरंच कमी भरतं, हेही नंतर कळलं. तो मूळचा ग्रहसुद्धा प्रत्यक्षात नव्हता असं निघालं. मला यात लेखकाची फजिती दिसत नाही. ज्याची गणितं वाचकाला सोडवून पाहावीशी वाटतात असा लेखक भाग्यवानच म्हणायचा.

पण बार्लेननराव, तुमच्याबद्दलही एक खोच आहेच. तुम्ही अंगानं संपूर्ण परके. मनानं मात्र कुठल्याही बंदरात भेटावा असे पक्के व्यापारी. माणसांचं हरवलेलं यंत्र ध्रुवावरून सोडवून आणायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत आणि अखेरीस मोबदला म्हणून त्यांच्याकडून विज्ञान वाजवून घेतलंत. वाचताना तुमच्यावर जीव जडतो. पण सातशेपट गुरुत्वाखाली वाढलेल्या मनाला सौद्याखेरीज आणखी काही सुचलं असतं की नाही, हे तुमच्या जनकानं विचारलंच नाही.

पोलंडचा स्तानिस्वाव्ह लेम अगदी उलट टोकाला गेला. त्याच्या ‘सोलारिस’मध्ये (1961) ग्रह झाकणारा एक अथांग सागर आहे आणि तो सागरच एक जीव आहे. दोन सूर्यांमधली आपल्या ग्रहाची डळमळती कक्षा तो स्वतः सावरतो. माणसं त्याचा पिढ्यान्पिढ्या अभ्यास करतात, ग्रंथालयं भरतात, पंथ काढतात, आणि हाती काहीच लागत नाही. उलट सागरच त्यांच्या आठवणींतून मेलेली माणसं घडवून त्यांच्या दारात उभी करतो. ते तो का करतो, कुणालाच कळत नाही. लेमचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. वेगळं मन आपल्याला कळणारच नाही, ही शक्यता त्याच्याइतक्या कठोरपणे कुणी धरून ठेवली नाही. पण सोलारिसच्या सागरा, तुझ्या जनकानं एक मेहनत वाचवली, असंही मला कधी कधी वाटतं. बंद दार रंगवायला आत घर बांधावं लागत नाही.

माझा कौल या दोघांच्या मधल्या वाटेला आहे. परकेपण अंगातून सुरू व्हावं आणि मनात उतरावं, इतकं खोल की प्रेम, मृत्यू, मैत्री यांचे अर्थ बदलावेत. आणि तरीही वाचणाऱ्याला ते आतून कळावं. ही वाट अवघड आहे आणि तिच्यावर फार थोडे चालले. व्हर्नर विंज हा सॅन दिएगोच्या विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापक त्यांतला एक. त्याच्या ‘अ फायर अपॉन द डीप’मधले (1992) टाइन्स पाहा. दिसायला ते कुत्र्यांसारखे. एकेकटा प्राणी जवळपास मतिमंद. पण चार ते आठ जण एकत्र आले की त्यांच्यात श्राव्यातीत ध्वनीची देवाणघेवाण सुरू होते आणि त्या कळपाचं मिळून एक ‘मी’ तयार होतं. एक नाव, एक स्वभाव, एक आठवण.

आता या एका गोष्टीचे परिणाम विंज ज्या चिकाटीनं शोधत जातो, ते मुळातून वाचण्यासारखे आहेत. दोन कळप फार जवळ आले तर एकाचे विचार दुसऱ्यात मिसळतात आणि दोघेही भान हरपतात. म्हणजे यांच्यात गळाभेट नाही, गर्दी नाही, खांद्याला खांदा लावून लढणारं सैन्य नाही. जवळीक म्हणजे शुद्ध हरपणं, मग ती शृंगारातली असो की लढाईतली. कळपातला एक सदस्य म्हातारा होऊन मेला, की ‘मी’ मरत नाही, पण थोडा बदलतो. नवा सदस्य घेतला, की पुन्हा बदलतो. असं करत करत एखादी राणी शेकडो वर्षं जगू शकते, फक्त आपण पूर्वीचेच आहोत का, ही शंका तिला पोखरत राहते. आणि तिथला क्रूर प्रयोगशील राजा दुसऱ्यांचे कळप फोडून, हवे ते सदस्य जुळवून नवी माणसं, म्हणजे नवी मनं, घडवतो. हे वाचताना मला माझ्याच ‘मी’बद्दल प्रश्न पडू लागतात, आणि त्यासाठी टाइन्सना माझ्यासारखं व्हावं लागत नाही.

विंजनंच 1999 मध्ये आणखी एक जग उभं केलं. तिथला तारा दर अडीचशे वर्षांत पस्तीसच वर्षं पेटतो आणि उरलेला काळ विझून राहतो. अंधारात हवासुद्धा गोठते. कोळ्यांसारखे तिथले रहिवासी खोल बिळांत गोठून निजतात आणि तारा पेटला की उठतात. साहजिकच मुलं कधी जन्माला घालायची याची वेळ ठरलेली. अवेळी जन्मलेलं मूल म्हणजे पाप, घराण्याला बट्टा. एका विद्वान जोडप्याला अशी अवेळची मुलं होतात आणि गावोगाव गहजब उडतो. सोवळं-ओवळं थेट ताऱ्याच्या उघडझापीतून निघालेलं आहे. अशी नीती मी कुठल्याही धर्मशास्त्रात वाचली नव्हती, पण ती खोटी वाटत नाही.

आयझॅक असिमॉव्हचं नाव इथं घेतल्यावाचून राहवत नाही, जरी त्यानं तुम्हाला फार काळ उपाशी ठेवलं. ‘फाउंडेशन’ मालिकेतल्या त्याच्या आकाशगंगेत माणसांनी वसवलेली सुमारे अडीच कोटी जगं आहेत आणि परग्रहवासी एकही नाही. कारण साधं होतं. संपादक जॉन कॅम्बेल यांना माणूस इतरांहून वरचढ दाखवायला आवडे. असिमॉव्हला ते पटत नसे, आणि वाद घालण्याऐवजी त्यानं परग्रहवासीयांनाच रजा दिली. मग 1972 मध्ये ‘द गॉड्स देमसेल्व्ह्ज’मध्ये त्यानं सगळं कर्ज एका दमात फेडलं. अणुगर्भातलं बल आपल्याहून प्रबळ असलेलं एक दुसरंच विश्व; त्यात तारे छोटे आणि अल्पायुषी; आणि तिथल्या जीवांत तीन लिंगं, एक विचार करणारं, एक भावनेचं, एक पोरं सांभाळणारं. तिघं मिळून विरघळले तरच संसार. त्या पुस्तकाचा पहिला भाग ठीक, तिसरा कंटाळवाणा. मधला मात्र असिमॉव्हच्या साऱ्या लिखाणात श्रेष्ठ.

आता माझी दुसरी तक्रार, अंतराची. तुम्ही फार लवकर येता.

देवयानी दीर्घिका सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथून कुणी आज आमच्या कानी पडेल अशी हाक मारली असेल, तर ती निघाली तेव्हा आफ्रिकेत आमचे पूर्वज ओबडधोबड दगडी हत्यारं घडवत होते. आम्ही ‘ओ’ दिली, तर ती पोहोचायला पुन्हा तेवढीच वर्षं. हे झालं प्रकाशाच्या वेगानं. व्हॉयेजर-1 हे अवकाशयान सेकंदाला 17 किलोमीटर धावतं, तरी सूर्याला सगळ्यात जवळचा तारा जितका दूर आहे तेवढं अंतर कापायला त्याला सुमारे 75,000 वर्षं लागतील. आणि तुम्ही? कुणी अवकाशाला घडी घालता, कुणी अतिअवकाशात उडी मारता आणि संध्याकाळच्या जेवणाला दुसऱ्या दीर्घिकेत हजर. अर्सुला ले ग्विनसारखी एखादीच लेखिका निदान अर्धा हिशेब चुकता करते. तिच्या विश्वात निरोप तत्क्षणी पोहोचतो, पण माणसाला यानातून वर्षानुवर्षं जावं लागतं आणि मागे सोडलेली माणसं म्हातारी होऊन जातात.

आमच्या पुराणात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी गेला, तिथं गाणं चाललं होतं म्हणून जरा थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली. या गोष्टीत सापेक्षतावाद शोधणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही. तिच्यातला सच्चेपणा मला आवडतो, की फार लांब गेलेल्याला परतल्यावर आपलं कुणी भेटत नाही. बाकी ब्रह्मांडांची आम्हाला वाण नाही. आमच्याकडे आरतीच्या वेळी ध्वनिवर्धकावरून रोज ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायका’चा जयजयकार होतो. त्या अनंतकोटी ब्रह्मांडांत राहतं कोण, हे मात्र कुणी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

शास्त्रज्ञही तुमच्या बाबतीत कथाकारच होतात, याचा पुरावा व्हॉयेजरवरच आहे. 1977 साली दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका बसवली. पंचावन्न भाषांतले नमस्कार, त्यांत मराठीही. संगीतात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. व्हॉयेजर-1 निघालं 5 सप्टेंबरला आणि केसरबाई त्याच महिन्याच्या 16 तारखेला गेल्या. आता ही मुद्रिका ज्यानं मिळवायची, त्याची कल्पना ती तयार करणाऱ्या कार्ल सेगन आणि मंडळींनी कशी केली असेल? त्याला कान आहेत. ते साधारण आमच्या पट्टीतलंच ऐकतात. त्याला सुई, चकती आणि वेग यांचं गणित कळतं, आणि हाती आलेली वस्तू जाळून न टाकता ती वाजवून पाहण्याइतकं कुतूहल आहे. स्टेपलडनच्या चाखून जग ओळखणाऱ्यांना त्या मुद्रिकेतून फक्त तांब्या-सोन्याची चव लागेल. आणि मैफल संपवताना गायची भैरवी आम्ही पहिल्याच भेटीला पाठवली, हे तुमच्यातल्या एखाद्या जाणकाराला खटकलं, तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

अंतराशी प्रामाणिक राहिलेला तुमच्यातला एक जण मला फार जवळचा वाटतो. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’मधला (1957) वायूचा ढग. ताऱ्यांमधल्या पोकळीत तो युगानुयुगं हिंडतो, ऊर्जा घ्यायला सूर्यापाशी थांबतो, आणि ग्रहांवर बुद्धी असू शकते हे ऐकून चकित होतो. गुरुत्वाच्या जाचात, एवढ्याशा डोक्यात विचार करता येतो तरी कसा, असा त्याचा प्रश्न. पोकळी हे त्याचं घर आहे, म्हणून अंतर ही त्याची अडचण नाही. त्याच्याकडचं ज्ञान माणसाच्या मेंदूत ओतायचा प्रयत्न होतो तेव्हा तो मेंदू टिकत नाही. हा ढग इंग्रजी शिकतो, बीथोव्हनची दाद देतो, ते मला जरा सोयीचं वाटतं. पण हॉईल यांना तेवढं माफ.

कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण हे पुस्तक आलं त्याच वर्षी केंब्रिजला पोहोचला आणि पुढे हॉईल यांचा विद्यार्थी झाला. जयंत नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या विज्ञानकथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नाव पाहून परीक्षक भुलू नयेत, म्हणून ही युक्ती. मराठीत तुम्हाला प्रतिष्ठा मिळाली ती बरीचशी त्यांच्यामुळे. हॉईल आणि नारळीकर दोघांनाही जीवसृष्टी अवकाशातून आली असावी ही शक्यता गंभीरपणे तपासावीशी वाटे. नारळीकरांनी त्यासाठी इस्रोच्या मदतीनं हैदराबादहून फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणवले. त्यांत सापडलेल्या जीवाणूंच्या तीन नव्या जाती 2009 मध्ये जाहीर झाल्या आणि एकीला हॉईल यांचं नाव मिळालं, ‘जॅनीबॅक्टर हॉइलाय’. ते जीवाणू परग्रहावरचे असल्याचं काही सिद्ध झालेलं नाही. पण काळ्या ढगाच्या जनकाच्या नावानं एक सूक्ष्म जीव नोंदला जावा, हे छानच झालं. नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले.

त्यांच्यानंतर आणि त्यांच्यासोबत बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी मराठी विज्ञानकथा भरभरून लिहिली. तिच्यात प्रयोगशाळा आहेत, यंत्रमानव आहेत, नीतीचे पेच आहेत. पण ज्यांच्या जगाचं गुरुत्व, दिवसाची लांबी आणि देवाची चव ठरवून मग त्यांचं मन घडवलं गेलं, असे तुमच्यातले रहिवासी मराठीत मला फारसे भेटले नाहीत. भेटतात ते बहुधा निरोपे. ते येतात, इशारा किंवा देणगी देतात आणि निघून जातात. लाखो प्रकाशवर्षांवरून यायचं आणि मुक्काम दोन पानांचा!

म्हणून विनंती. मराठीत या, जरूर या, पण पुण्याच्या टेकडीवर उतरू नका आणि आल्या आल्या आम्हाला अणुयुद्धाबद्दल उपदेश करू नका. आम्ही कथेत नसलो तरी चालेल. यंदा ज्या कुणाच्या टेबलावर तुमचा जन्म होणार असेल, त्याला आधी तुमच्या ग्रहाचा दिवस किती तासांचा ते ठरवायला लावा, मग हवा, मग अन्न, मग तुम्ही एकमेकांना ओळखता कसे ते. तुमच्यात मेलेल्यांचं काय करतात आणि मूल कधी होऊ देतात, हे त्यानं शोधून काढल्याशिवाय त्याच्या हाती तुमचं नाव लागू देऊ नका. संपादकाला दिवाळी अंकासाठी कथा जुलैत हवी असते, त्यामुळे तो घाई करील. तुम्ही करू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मराठी वाचक